चाचणी, तपासणी, चाळणी: वैद्यकीय संशोधनाच्या बातम्यांतले शब्द

चर्चाप्रस्ताव

रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकांचं मराठीकरण मी करते. नव्या औषधांवरचं संशोधन, आजार लवकर ओळखण्याच्या पद्धती असे विषय असतात. 'ही चाचणी यशस्वी ठरली' या वाक्यापाशी मी हमखास अडते. मूळ मजकुरात कधी 'ट्रायल' असतं, कधी 'टेस्ट', कधी 'स्क्रीनिंग', आणि मराठीत सर्रास तिन्हींना चाचणी म्हटलं जातं. 'कर्करोगावरील नव्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष' असा मथळा वाचून नवं औषध आलंय की रोग शोधायची नवी पद्धत, हे बातमी उघडल्याशिवाय कळत नाही.

दुसरा अडसर 'रेमिशन'चा, म्हणजे आजाराच्या खुणा ओसरतात पण तो परत येऊ शकतो त्या अवस्थेचा. 'बरा झाला' लिहिलं तर ते खरं नसतं. 'रोगमुक्त' तर त्याहून ठाम. 'उपशम' लिहिलं की अर्ध्या वाचकांना पुन्हा समजावून सांगावं लागतं. रोज दुखण्याखुपण्याविषयी बोलताना आपण जे शब्द वापरतो त्यातलं काही इथे चालेल का? तुमच्या वापरात काय आहे ते सांगाल का?

प्रतिसाद

पहिल्या अडचणीचं उत्तर क्रियापदांत आहे असं मला वाटतं. औषधाची आपण चाचणी घेतो आणि माणसाची तपासणी करतो. 'रक्ताची तपासणी केली' हे सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि 'औषधाची तपासणी' म्हटलं की भेसळ शोधतायत असं वाटतं. तेव्हा ट्रायलला 'चाचणी', तीही शक्य तिथे 'औषधचाचणी' किंवा 'लसचाचणी' अशी जोडून, आणि टेस्टला 'तपासणी'. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ मिटेल.

स्क्रीनिंगसाठी मी 'चाळणी तपासणी' लिहितो. 'पूर्वतपासणी' असंही लिहिलेलं दिसतं, पण ते शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसारखं वाटतं. स्क्रीनिंगची खूण अशी की माणसाला काहीही त्रास नसताना ते केलं जातं. त्रास होतोय म्हणून जी होते ती निदानाची तपासणी. यंत्र तेच असेल, रक्त तेच असेल, पण निकालाचा अर्थ बदलतो. चाळणी हा शब्द मला आवडतो तो याचसाठी: चाळणीत जे अडकतं ते सगळंच खडे नसतात, नंतर हाताने निवडावं लागतं.

आकडे मांडून पाहू. 1000 धडधाकट माणसं घ्या, त्यातल्या 10 जणांना आजार आहे. तपासणी अशी की आजारी माणसांपैकी 90 टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी 91 टक्क्यांना बरोबर सोडून देते. कागदावर चांगलीच. आता 10 पैकी 9 पकडले गेले, पण 990 निरोगी माणसांतले साधारण 89 जणही अडकले. म्हणजे 98 जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद, आणि त्यातले 9 खरोखर आजारी. या 98 जणांना 'बाधित' म्हणणं हा अन्याय आहे. 'अहवाल सकारात्मक आला' तर त्याहून वाईट, कारण तो शब्द ऐकून क्षणभर चांगली बातमी आहे असं वाटतं. चाळणीच्या बाबतीत मी सरळ 'पुढची तपासणी हवी, असा निकाल आला' लिहितो. लांब आहे, पण त्या माणसाला त्या घडीला नेमकं हेच कळायला हवं असतं.

हे नुसतं कागदी गणित नव्हे. अमेरिकेत 53,454 सध्याच्या किंवा पूर्वीच्या धूम्रपान करणाऱ्यांवर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या चाळणीचा मोठा अभ्यास झाला. निकाल 2011 मध्ये आले. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमध्ये जे निकाल संशयास्पद ठरले, त्यातले 96.4 टक्के पुढे कर्करोगाचे निघाले नाहीत. आणि त्याच अभ्यासात, छातीचा साधा एक्स-रे काढलेल्या गटाच्या तुलनेत, सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि वाचकापर्यंत दोन्ही पोहोचवेल असा शब्द हवा.

प्रतिसाद

'चाळणी'ला माझा थोडा विरोध आहे. 'चाळणी परीक्षा' हा शब्द लोकांच्या चांगला परिचयाचा आहे, आणि त्या परीक्षेतून जो पुढे जातो तो हुशार ठरतो. इथे पुढे पाठवलं जाणं ही काळजीची गोष्ट. वयस्कर वाचकाला 'तुमची चाळणी तपासणी करायची आहे' असं सांगितलं तर तो गोंधळेल. 'स्क्रीनिंग' हा शब्द दवाखान्यात ऐकून ऐकून रुळलाय. तोच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'त्रास नसताना करायची तपासणी' एवढं जोडा.

मला जास्त खटकतो तो 'सर्वायव्हल'चा अनुवाद. 'या तपासणीमुळे रुग्णांचं आयुष्य वाढलं' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. समजा, एका माणसाला 69 व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झालं आणि 72 व्या वर्षी तो गेला. निदानानंतर तीन वर्षं. त्याच माणसाचा आजार स्क्रीनिंगमध्ये 64 व्या वर्षीच सापडला असता, आणि उपचारांनी काहीच फरक पडला नसता, तरी तो 72 व्या वर्षीच गेला असता. पण आता निदानानंतर आठ वर्षं झाली, आणि 'पाच वर्षं जगलेल्यांत' त्याची गणना झाली. त्याचं आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही, फक्त आजारी म्हणून जगण्याची पाच वर्षं वाढली. म्हणून मी 'निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण' असं पूर्ण लिहिते. 'हयात' हा शब्द कोरडा आहे, कागदपत्रांतला आहे, आणि इथे तो कोरडेपणाच कामाचा आहे. स्क्रीनिंगचा खरा उपयोग बघायचा तर मृत्युदर घटला का ते बघावं.

याच्याच जोडीचा शब्द 'ओव्हरडायग्नोसिस'. त्याला 'चुकीचं निदान' लिहिलेलं मी पाहिलंय, आणि ते साफ गैर आहे. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी करायची पद्धत पडली, आणि 2011 मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाची नोंद 1993 च्या 15 पट झाली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली तो कर्करोगच होता. निदान अचूक होतं. फक्त त्यातल्या बहुतेक गाठींनी त्या माणसांना जन्मभर काही केलं नसतं. 'अतिनिदान' हा शब्द मला ठीक वाटतो. 'अनावश्यक निदान' म्हटलं तर असं वाटतं की डॉक्टरांना तेव्हाच कळायला हवं होतं. एकेकट्या माणसाच्या बाबतीत ते कळत नाही, हजारो लोकांचे आकडे एकत्र पाहिले की दिसतं.

प्रतिसाद

'रेमिशन'बद्दल: आपल्याकडे 'उतार' आहे की! 'तापाला उतार पडला' म्हणतो तेव्हा ताप कायमचा गेला असं कुणी समजत नाही. लक्ष ठेवायचं असतं, पथ्य चालू असतं. आणि त्याचा जोडीदारही तयार आहे: 'दुखणं उलटलं'. टायफॉइड उलटला, हे मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं असेल. 'रिलॅप्स'ला, म्हणजे ओसरलेला आजार परत येण्याला, याहून नेमका शब्द मला सुचत नाही. 'पुनरुद्भव' लिहिणाऱ्यांनी एकदा 'आजार उलटला' लिहून बघावं.

टाइप 2 मधुमेहात हा शब्द आता वारंवार लागणार आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या गटात वर्षभराने 46 टक्के लोकांचा मधुमेह रेमिशनमध्ये गेला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 4 टक्के. दोन वर्षांनी तो आकडा 36 टक्क्यांवर आला, म्हणजे काहींचा उलटला. याच्या बातम्या 'मधुमेह बरा होतो' अशा मथळ्यांनी आल्या, आणि मला त्याची भीती वाटते. बरा झाला असं वाचलेला माणूस डोळ्यांची, मूत्रपिंडांची वार्षिक तपासणी कशाला करून घेईल? 'उतार पडलाय' असं वाचलेला करून घेईल.

उपप्रतिसाद (प्रस्तावक)

'उतार' फार आवडला. एक शंका: रोजच्या बोलण्यात ताप 103 वरून 101 वर आला तरी उतार पडला म्हणतो. रेमिशनला मात्र ठरलेली रेषा असते. मधुमेहासाठी 2021 मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली व्याख्या अशी की साखर उतरवणारी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली असावं. मी 'पूर्ण उतार' लिहून व्याख्या चौकटीत दिली तर?

उपप्रतिसाद

मधुमेहाला चालेल. रक्ताच्या कर्करोगात 'पूर्ण' आणि 'अर्धवट' अशा दोन्ही पायऱ्या मुळातच असतात, तिथे 'पूर्ण उतार, अर्धवट उतार' चपखल बसेल. फक्त 'उतारा' होऊ देऊ नका. तो विषावरचा.

प्रतिसाद

शब्दांइतकाच विभक्तीचा घोळ आहे, त्याकडे लक्ष वेधतो. 'धोका 20 टक्क्यांनी कमी झाला' यातल्या 'नी'मागे मूळ धोका दडून जातो. मधुमेहावर आणि वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचा 2023 मधला 'सिलेक्ट' अभ्यास घ्या. 17,604 माणसं, सगळी 45 च्या पुढची, वजन जास्त, हृदयविकार किंवा पक्षाघात यांचा इतिहास, मधुमेह नाही. सरासरी सव्वातीन वर्षांहून थोडा अधिक पाठपुरावा. नकली औषधाच्या (प्लासिबोच्या) गटात 8 टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांपैकी काही ना काही झालं. औषधाच्या गटात 6.5 टक्के लोकांना. आठातले दीड गेले, म्हणून 'सुमारे 20 टक्क्यांनी घट'. वाचकाला मात्र वाटतं की शंभरातले वीस वाचले. 'शंभरातल्या आठांऐवजी साडेसहा जणांना' असं लिहा. किंवा उलटून: 'साधारण 67 जणांनी तेवढा काळ औषध घेतलं तर एकाचा असा प्रसंग टळतो'. औषध चांगलं आहे की नाही ते वाचक स्वतः ठरवेल, तेवढं सामान त्याच्या हातात द्या.

आणि 'लक्षणीय' हा शब्द जपून. मूळ शब्द संख्याशास्त्राचा असतो, अर्थ एवढाच की औषधाचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता फार कमी. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीत दीड वर्षात दोन्ही गट खालावलेच. 18 गुणांच्या मापावर औषधाच्या गटाची घसरण सरासरी 1.21, नकली औषधाच्या गटाची 1.66. फरक 0.45 चा. तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, बातमीत '27 टक्के लक्षणीय सुधारणा' झाली. सुधारणा मुळी नव्हतीच. 'ऱ्हासाचा वेग मंदावला' हे खरं. ज्या घरात आईला रोज थोडं थोडं विसरताना पाहतायत, तिथे 'सुधारणा' हा शब्द वाचून काय काय आशा धरली जाते याचा विचार लिहिणाऱ्याने करायलाच हवा.

प्रतिसाद

छोटीशी भर. 'प्लासिबो'ला 'नकली औषध' नको, बनावट औषधांच्या बातम्यांतला शब्द आहे तो. 'औषध नसलेली गोळी' सोपं आहे. आणि 'दुहेरी अंध' काढून टाका. 'कुणाला कोणती गोळी मिळतेय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही' असं वाक्य लिहिलं की काम झालं.

उपप्रतिसाद (प्रस्तावक)

हे सगळं उतरवून घेतलं. 'रिस्पॉन्स', म्हणजे उपचारांना आजाराने दिलेला प्रतिसाद, तेवढा राहिला. 'औषधाने गुण आला' चालेल का? 'लागू पडलं' असंही मनात आहे.

उपप्रतिसाद

'लागू पडलं' हे औषधाच्या परिणामकारकतेला छान आहे, आणि 'बाधलं' हे दुष्परिणामांना. 'गुण आला' मात्र कर्करोगात नको. गुण रुग्णाला जाणवतो: भूक लागते, झोप येते, अंगात बळ येतं. गाठींच्या कर्करोगात 'रिस्पॉन्स' स्कॅनवर मोजतात. मोजायला निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान 30 टक्क्यांनी उतरली की तो अंशतः प्रतिसाद धरतात. माणसाला त्या दिवशी काहीच बरं वाटत नसेल, मळमळीने हैराण असेल, आणि स्कॅनवर गाठ आकसलेली असेल. उलटही होतं. अशा वेळी तुमच्या पत्रकात 'गुण आला' वाचलं तर त्याला वाटेल, मग मला का नाही आला? तिथे 'गाठी आकसल्या' असंच लिहा, किती आकसल्या तेही लिहा, आणि बरं वाटण्याबद्दल वेगळ्या वाक्यात बोला.