डिझाइनची नोंदणी मुद्दाम लांबवावी का?

साकीनाकाकर: एलईडी भिंतदिव्याच्या बॉडीचं डिझाइन फाईल केलंय. नोंदणी कार्यालयाच्या हरकती आल्यात, किरकोळच. एका व्ह्यूचं चित्र नीट नाही वगैरे. उत्तर उद्या देता येईल. पण डाय (बॉडीचा साचा) अजून कारखान्यात घासला जातोय आणि माल दिवाळीला निघणार. नोंदणी झाली की चित्रं त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये सगळ्यांसाठी छापून येणार, मग आमच्याआधी तोच दिवा लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात टांगलेला दिसायचा. म्हणून उत्तर मुदतीच्या टोकापर्यंत दाबून ठेवावं म्हणतोय. चुकतंय का काही?

कलम_बहाद्दर: चुकतंय. अर्जाच्या तारखेपासून 6 महिन्यांत सगळं पूर्ण व्हावं लागतं. मुदतवाढ मागितली तर जास्तीत जास्त 3 महिने. ती हुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात. शिवाय नोंदणी हातात येईपर्यंत नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही. ऐन दिवाळीत काय दाखवणार, अर्जाची पावती?

मूठ_झाकलेली: भाऊ, तारीख कुठे पळून जाते? 2000 च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणी अर्जाच्या तारखेपासूनच धरतात. युरोपात प्रसिद्धी 30 महिने थांबवता येते, जपानात डिझाइन 3 वर्षं गुप्त ठेवता येतं. आपल्या कायद्यात ती सोय नाही, म्हणून गरिबाने हरकतींचा आडोसा घेतला तर बिघडलं कुठे?

कलम_बहाद्दर: तारीख मागची धरतात, पण संरक्षणाच्या 10 वर्षांचं घड्याळही त्याच दिवसापासून चालू होतं. (पुढे 5 वर्षं वाढवता येतात, तरी.) बसून राहिलात तर स्वतःचेच महिने खाताय.

डाय_फिटर: तुम्ही दोघे जर्नलवरून भांडताय. नक्कल करणारा जर्नल वाचतो कुठे? ड्रॉइंग डायवाल्याकडे जातं, तिथून व्हॉट्सॲपवर. ट्रायलचे चार पीस निघाले की एक नक्की कुणाच्या तरी पिशवीत. गळती शॉपफ्लोअरवर आहे, सरकारी कागदात नाही. डायवाल्याकडून गुप्ततेचं लिहून घेतलंय का?

मूठ_झाकलेली: सगळे पिशवीवाले नसतात. मोठा स्पर्धक जर्नल चाळतो, त्याचा माणूस असतो त्यासाठी.

कलम_बहाद्दर: मग त्या मोठ्यालाच मनाई हुकूम आणायला नोंदणी लागेल ना! कायद्यातली ठरलेली रक्कम एका उल्लंघनाला 25,000, एका डिझाइनला जास्तीत जास्त 50,000 रुपये. मोठा ती चहापाण्यात घालेल. त्याला थांबवतो तो मनाई हुकूमच. डिझाइनवरच्या 2024 च्या आंतरराष्ट्रीय रियाध करारात डिझाइन निदान 6 महिने अप्रकाशित ठेवायची तरतूद आहे, ती आपल्याकडे आणा म्हणून जरूर भांडा. पण आजचा अर्ज आजच्या नियमांवरच चालतो.

साकीनाकाकर: डायवाल्याकडून लिहून घेतलेलं नाही, ते उद्याच करतो. उत्तर मात्र लगेच देणार नाही. ट्रायल पास झाली की देईन, आणि पाचवा महिना ओलांडू देणार नाही.

कलम_बहाद्दर: तारीख एजंटच्या भरवशावर सोडू नका, भिंतीवर लिहा.