मदत हवी आहे : जुन्या कारखान्याच्या दूषित जागेवर मैदान आणि बाग करण्यापूर्वी काय तपासावे?

नमस्कार.

आमच्या वस्तीला लागून असलेली सुमारे एक एकर जागा बरीच वर्षे पडीक आहे. तेथे पूर्वी इलेक्ट्रोप्लेटिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने वस्तूंवर धातूचा मुलामा चढवण्याचा, कारखाना होता आणि एका कोपऱ्यात जमिनीखाली डिझेलची टाकी होती. आता ही जागा वस्तीला मिळण्याची चिन्हे असून, निम्म्या भागात मुलांचे मैदान आणि उरलेल्या भागात सामायिक भाजीपाल्याची बाग करावी, असे बहुतेकांचे मत आहे.

पाऊस पडून गेल्यावर जमीन वाळू लागली की, जेथे रसायनांचे हौद होते त्या चौथऱ्याच्या कडेला लिंबाच्या सालीसारखा पिवळा थर उमटतो आणि काडीने खरवडला तर त्याचा भुगा होतो. हे हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे, म्हणजे क्रोमियम धातूच्या अतिविषारी रूपाचे, क्षार असावेत, अशी मला शंका आहे. ते पाण्यात विरघळून भूजलात उतरतात आणि धुळीबरोबर श्वासातही जातात. मुले आजही कुंपणाच्या फटीतून तेथे खेळायला जातात, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

एका सल्लागाराने आठ ठिकाणची माती घेतली, परंतु ती एकत्र कालवून एकच नमुना तपासला आणि प्रदूषण मर्यादेत असल्याचा अहवाल दिला. हौदाजवळची माती इतर सात ठिकाणच्या मातीत मिसळली, तर आकडा खाली येणारच. शिवाय अहवालात फक्त एकूण क्रोमियम आहे. हेक्झाव्हॅलंट आणि ट्रायव्हॅलंट (क्रोमियमचे बरेच कमी विषारी रूप) यांच्या विषारीपणात मोठा फरक असूनही ते वेगवेगळे मोजलेले नाहीत.

काही जणांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या गॅस वर्क्स पार्कचा दाखला दिला. 1956 मध्ये बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या त्या जागेवर 1975 मध्ये उद्यान खुले झाले आणि तेलकट माती सुधारण्यासाठी जिवाणूंची मदत घेण्यात आली. आमच्या डिझेलच्या कोपऱ्यासाठी तो मार्ग योग्य वाटतो, कारण जिवाणू तेलाचे विघटन करू शकतात. क्रोमियम मात्र मूलद्रव्य आहे. त्याचे रूप बदलता येते, ते नाहीसे करता येत नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की, पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. हौदांभोवती चौकटी आखून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्यायचे असतील, तर दोन नमुन्यांत किती अंतर ठेवावे? हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळून हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे ट्रायव्हॅलंटमध्ये रूपांतर केल्यास, मातीतील मँगनीजच्या ऑक्साइडांमुळे ते पुन्हा हेक्झाव्हॅलंट होण्याचा धोका प्रत्यक्षात किती असतो? भाजीपाला जमिनीत न लावता, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे, पण माती अडवणारे कापड) अंथरून आणि बाहेरची तपासलेली माती भरून उंच वाफ्यांत लावणे पुरेसे होईल का, की भूजलाची तपासणी होईपर्यंत बागेचा विचारच बाजूला ठेवावा?

ज्यांनी अशा जागेवर स्वतः काम केले आहे, त्यांनी आपला अनुभव विस्ताराने लिहावा. तोपर्यंत कुंपणाची फट बुजवून पिवळ्या थराचा भाग ताडपत्रीने झाकण्याचे काम आम्ही या आठवड्यातच करत आहोत. ते करताना मास्क आणि हातमोज्यांशिवाय आणखी कोणती काळजी घ्यावी, तेही कृपया सांगावे.