मदत हवी आहे: रास्पबेरी पाय 4 वर यूएसबी 3 ची हार्डडिस्क मध्येच सुटते

रास्पबेरी पाय 4 (एका बोर्डाचा छोटा संगणक, 4 जीबी रॅम), 5.1 व्होल्ट 3 अँपियरचा अडॅप्टर, लिब्रेएलेक (कोडी चालवण्यासाठीची छोटी लिनक्स प्रणाली) आणि कोडी (सिनेमे बघायचं अ‍ॅप). डिस्क 2.5 इंची, 2 टीबी, ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम), वेगळी वीज नसलेल्या एन्क्लोजरमध्ये (डिस्कच्या यूएसबी डबीत). निळ्या यूएसबी 3 पोर्टात लावली की 20-40 मिनिटांत सिनेमा थांबतो. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) आधी यूएएसची (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायच्या पद्धतीची) अबॉर्ट एरर, मग 'यूएसबी डिसकनेक्ट'. काळ्या यूएसबी 2 पोर्टात दिवसभर बिनतक्रार चालते. सिनेमा बघायला तो वेग पुरतो, पण मोठ्या फाइली चढवायला फार वेळ जातो.

करून पाहिलेलं: केबल बदलली. एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून कमांड देऊन) /फ्लॅश हे बूट विभाजन लिहिता येईल असं रीमाउंट केलं आणि सीएमडीलाइन या बूट सेटिंगच्या फाइलमध्ये, त्याच एका ओळीत, एन्क्लोजरच्या आयडीसह 'यू' क्वर्क (त्या उपकरणापुरतं खास सेटिंग) टाकून यूएएस बंद केलं. अबॉर्ट गेले, पण डिसकनेक्ट अजून होतो, आता दोनेक तासांनी. गेट-थ्रॉटल्ड ही पायची कमांड 0x0 (म्हणजे तक्रार नाही) दाखवतं, पण ते बोर्डाला येणारं व्होल्टेज तपासतं, पोर्टावरचा करंट नाही. चारही पोर्ट मिळून मर्यादा 1.2 अँपियर, म्हणून माझा संशय तिथेच जास्त आहे. स्मार्ट चाचणी (डिस्कची स्वतःची आरोग्य तपासणी) स्वच्छ. वायफाय बंद, लॅन केबल आहे. नास (नेटवर्कवरची वेगळी साठवण पेटी) घ्यायचा नाही, डिस्क फॉरमॅट करता येणार नाही.

क्वर्क लागू असूनही डिस्क सुटते म्हणजे दोष विजेचाच धरायचा, की ब्रिज चिपचा (एन्क्लोजरमधली, डिस्कला यूएसबीशी जोडणारी चिप) अजूनही असू शकतो? स्वतंत्र वीज असलेला हब घेतला तर पायकडे उलटी वीज न सोडणारा कसा ओळखायचा?