दोन फुटी टाकी, सहा गोल्डफिश, दोन ‘शार्क’, एक सकर: चूक दुकानदाराची की घेणाऱ्याची?

वाळूचा थर

नवीन टाकी घेणाऱ्यांसाठी दुकानात लावता येईल असं एक पानी पत्रक आमचा गट तयार करतोय. मजकुरावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो.

नेहमी दिसणारी खरेदी अशी असते: 2 बाय 1 बाय 1 फुटाची टाकी, झाकणासकट लाइट, छोटा फिल्टर, रंगीत खडे, निळ्या औषधाची बाटली. त्याच दिवशी पिशवीत सहा गोल्डफिश, दोन ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला एक सकर. आठवडाभरात निम्मे मासे जातात. गिऱ्हाईक म्हणतं, मासेच आजारी दिले. दुकानदार म्हणतो, तुम्ही दाणे जास्त टाकलेत.

एका तटाचं म्हणणं, माहिती आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आहे. जिवंत प्राणी घरी आणायचा तर आधी वाचायला नको का? दुसऱ्या तटाचं म्हणणं, कोणता मासा किती वाढतो हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे जबाबदारी त्याची. पत्रकात ठामपणे काय लिहावं? आणि मासे मेल्यावर चूक कुठे झाली ते ओळखायची काही पद्धत आहे का?

काचेपलीकडे

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. मासा कितव्या दिवशी मेला हे आधी विचारा.

पहिल्या चोवीस तासांत मेला, तर कारण बहुतेक वेळा क्लोरीन, प्रवासाचा ताण किंवा दुकानातच खंगलेला मासा. क्लोरीन कल्ल्यांना इजा करतं. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. 1 मिलिग्रॅम क्लोरीन घालवायला साधारण 7 मिलिग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) लागतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं, तर 45 लिटरच्या टाकीला 0.3 ग्रॅमच्या आसपास. पाण्याला वास येत असेल तर दुप्पट घाला, त्याने बिघडत नाही. हे पुडीवर लिहून देणं दुकानदाराचं काम, आणि ते घालणं घेणाऱ्याचं.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसात मासे एकामागून एक गेले, तर अमोनिया, म्हणजे माशांच्याच शरीरातून पाण्यात उतरणारं विष. इथे हिशोब मांडून बघा. दोन फुटी टाकी म्हणजे 2 घनफूट, 56 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी उरतं 45 लिटर. 40 टक्के प्रथिनं असलेल्या 1 ग्रॅम दाण्यांत सुमारे 64 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी कल्ल्यांवाटे बाहेर आला, तरी लिटरमागे 0.7 मिलिग्रॅम भर पडते. रोज 1 ग्रॅम टाकलं तर तीन दिवसांत 2 मिलिग्रॅमच्या वर. 28 अंश तापमानाला पीएच (पाणी आम्लाकडे झुकतं की क्षाराकडे ते सांगणारा आकडा) 7 असेल तर त्यातला 0.7 टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 असेल तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या दिवशीच विषारी अमोनिया 0.13 मिलिग्रॅम होतो, आणि 0.05 च्या वर कल्ले खराब होऊ लागतात. पीएच जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यावर ठेवलेली टाकी नळाच्या पाण्यावरच्या टाकीआधी कोलमडते ती बऱ्याचदा यामुळे. आणि बोअरचं पाणी काढल्या काढल्या मोजू नका. त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खोटा कमी दिसतो. रात्रभर हवेचा पंप लावून मग मोजा.

अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात, त्यांना स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे टाकी आणि नऊ मासे एकाच दिवशी एकाच बिलावर गेले असतील, तर ‘दाणे जास्त टाकलेत’ हे उत्तर मला मान्य नाही. दाणे अर्धे टाकले असते तर हेच काही दिवस उशिरा झालं असतं. त्यातच निळं औषध ‘रोज चार थेंब’ म्हणून दिलं असेल, तर ते मिथिलीन ब्लू असतं. मुख्य टाकीत टाकलं की फिल्टरमधले जे काही जिवाणू धरू लागलेत तेही मरतात. त्याची जागा वेगळ्या उपचाराच्या टबात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दोन-तीन दिवसांत दिसले, तर रोग दुकानातून आला. त्या परजीवीचं चक्र आपल्याकडच्या उष्णतेतही तितक्या लवकर पुरं होत नाही.

सहा महिन्यांनी, वर्षाने मासा टाकीत मावेनासा झाला, तर तो वेगळाच विषय. त्याची चूक विक्रीच्या दिवशीच झालेली असते.

घाऊक किरकोळ

दुकानाच्या बाजूने लिहितो. वरच्या प्रतिसादातला अमोनियाचा भाग बिनतोड आहे, तो मान्य. पण गिऱ्हाईकाची बाजूही नीट बघा.

‘टाकी केवढी?’ विचारलं की उत्तर येतं, ‘मोठी आहे.’ तीन फुटी की चार, रुंदी किती, आत आधी काय आहे, कशालाच उत्तर नाही. एका दुकानातून नकार मिळाला की तोच माणूस पुढच्या दुकानातून तोच मासा घेतो. मुलाने बोट दाखवलं की आईबाप ऐकत नाहीत. चेन्नईच्या कोलथूरहून किंवा कोलकात्याहून माल येतो तेव्हा पिशव्यांवर मासे व्यापारी नावानेच असतात. ‘शार्क’ हे नाव किरकोळ दुकानदाराने पाडलेलं नाही.

तरीही पत्रकात दुकानदारासाठी चार गोष्टी सक्तीच्या वाटतील अशा लिहा, कारण त्या परवडतात.

प्रत्येक टाकीवर पट्टी: खरं नाव, पूर्ण वाढ, किमान टाकी, तापमान, सोबत काय चालत नाही. उदाहरणार्थ: ‘ऑस्कर. आत्ता 2 इंच, पूर्ण वाढ 12 इंच. किमान 4 बाय 1.5 बाय 1.5 फूट. तोंडात मावेल ते खातो.’ एवढं वाचूनही कोणी दोन फुटीसाठी मागितला, तर दोष कोणाचा हे सांगायला नको.

नवा माल किमान आठवडाभर विक्रीला काढायचा नाही. आल्या आल्या विकला की मर गिऱ्हाईकाच्या घरी होते आणि नाव दुकानाचं जातं.

टाकी आज, मासे नंतर. धंद्याच्या दृष्टीने हीच सगळ्यात अवघड अट, कारण गिऱ्हाईक गरम असतानाच विक्री होते. त्यावर मार्ग असा की दुकानातल्या जुन्या टाकीत आठ-दहा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवायचे, म्हणजे त्यांत जिवाणू आधीच धरलेले असतात. नवी टाकी नेणाऱ्याला त्यातला एक द्यायचा, किंमत लावून. ओला, पिशवीत पाण्यासकट, दोन तासांच्या आत टाकीत लागला पाहिजे. वाळला की फुकट. त्यावर पहिल्या दिवशी चार-पाच झेब्रा (पट्ट्यांचे छोटे मासे) चालतात. बाकीचे तीन-चार आठवड्यांनी, आणि तेही थोडे थोडे.

बिलावर ‘मासे 9 नग’ न लिहिता जात आणि संख्या लिहायची.

आणि हो, पंगासवर, म्हणजे ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशावर, खरी पट्टी लावायची ठरवली तर ‘घरच्या कोणत्याच टाकीत ठेवू नये’ असं लिहावं लागेल. तेव्हा तो मागवणंच बंद करावं. त्याच्या जागी विकायला दुसरे शंभर मासे आहेत.

वाळूचा थर

स्पंज विकायची कल्पना पत्रकात घेतो. पण ‘नाव आम्ही पाडलेलं नाही’ हे पटलं नाही. ज्याला नाव खोटं आहे हे माहीत आहे, तोच ते गिऱ्हाईकासमोर उच्चारतो ना?

पाणलोट

अगदी. ‘शार्क’ ऐकून घरी जाऊन शोधणाऱ्याला समुद्रातले शार्क सापडतात, पंगास सापडत नाही. बाजारात ‘बासा’ म्हणून ज्याचे तुकडे मिळतात, बहुतेक वेळा तोच हा मासा. सव्वा मीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो, बुजरा असतो. खोलीतला लाइट अचानक लागला की सरळ काचेवर जाऊन आपटतो. छोट्या टाकीतल्या पंगासचं नाक बघा, सोललेलं असतं. चुकीच्या नावावर विकलेल्या माशाबद्दल ‘वाचून यायला हवं होतं’ असं घेणाऱ्याला म्हणता येत नाही. सकरचंही तेच: ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून विकायचा, आणि तो दीड फुटाचा होतो, माशांची विष्ठा खात नाही, स्वतःच ढीगभर करतो. शेवाळ संपलं की रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

कायद्याचा आधार किती? केंद्र सरकारने 2017 मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते, ते त्याच वर्षी मागे घेतले गेले. त्यामुळे टाकीच्या मापावर बोट ठेवता येईल असा नियम आज हातात नाही. विकत घेतलेला मासा ग्राहक कायद्याने वस्तूच ठरतो, म्हणून दिशाभूल करून विकल्याची तक्रार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली करता येते. पण त्यासाठी बिलावर जात हवी. एशियन अरोवाना असेल तर गोष्ट वेगळी. तो साइट्सच्या (धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. तिथे ‘दुकानदाराने सांगितलं नाही’ ही सबब चालत नाही.

घेणाऱ्याची जबाबदारी सगळ्यात जड कुठे होते, तर मासा नकोसा झाल्यावर. नदीत, तलावात, विहिरीत, गणपतीच्या विसर्जन तलावात, कुठेही सोडायचा नाही. 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, तो उत्तर अमेरिकेचा मासा. उजनीच्या जाळ्यात सकर येतो. पाठीच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांनी जाळं फाटतं, तो सोडवताना हात कापतात, आणि बाजारात त्याला भाव नाही. अंडी घालायला तो काठात खोल बिळं करतो, त्याने काठ ढासळतात. पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो, म्हणून काठावर फेकलेला सकर मेला असं धरू नका. हे नुकसान ज्या मच्छीमाराला सोसावं लागतं त्याने ना मासा विकला, ना घेतला. पत्रकात जाड अक्षरात एकच ओळ छापायची असेल तर ‘मासा सोडू नका, दुकानात परत आणा’ ही छापा, आणि दुकानदाराकडून परत घेण्याची हमी लिहून घ्या. पैसे परत द्यायची गरज नाही. मासा घेतला तरी पुरे.

काचेपलीकडे

ज्यांच्या घरी ही खरेदी आधीच झाली आहे त्यांच्यासाठी पत्रकाच्या मागच्या बाजूला हे टाका.

दोन दिवस दाणे बंद. निरोगी मासा तेवढ्याने मरत नाही. रोज 30 ते 40 टक्के पाणी बदला, नवं पाणी हायपो घालून आणि त्याच तापमानाचं. फिल्टर बंद करू नका, स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, पुरे. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही विषारी) मोजायचा थेंबांचा किट घ्या. नायट्राइट साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढतं. तेव्हा 10 लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ घातलं की ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरणं बरंच कमी होतं.

परत द्यायचा क्रम: आधी दोन्ही पंगास, मग सकर, मग चार गोल्डफिश. उरलेले दोन गोल्डफिशही दोन फुटीत कायमचे नाहीत. फुगीर जातीचे असतील तर तीन फुटी, म्हणजे 3 बाय 1.5 बाय 1.5, लांब शरीराचे साधे असतील तर चार फुटी. त्यांना 18 ते 23 अंश मानवतं, म्हणून हीटर नको. मे महिन्यात पाणी 30 अंशांवर गेलं की त्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमवर येतो, तेव्हा हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा. गोल्डफिश गेल्यावर दोन फुटीतच काही ठेवायचं असेल तर आठ-दहा नर गप्पी, किंवा आठ झेब्रा, किंवा एकटा फायटर मासा. नर-मादी गप्पी मिसळून आणले तर तीन महिन्यांत टाकी पुन्हा भरते.

सकर कोणी घेतच नसेल आणि ठेवणंही अशक्य असेल, तर नाल्यात टाकण्यापेक्षा पशुवैद्यांना विचारून लवंग तेल वापरा. लिटरला 0.4 मिलिलिटर या हिशोबाने ते कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून दुधाळ करा आणि बादलीत मिसळा. कल्ले थांबल्यावरही मासा अर्धा तास त्याच पाण्यात ठेवा, मग पुरा.