गाभा, भूगर्भ आणि प्रावरण

‘पृथ्वीच्या भूगर्भात लोह आणि निकेल यांचा गोळा आहे’ अशा धर्तीची वाक्ये वारंवार वाचनात येतात. ‘पृथ्वीचा भूगर्भ’ ही द्विरुक्ती क्षम्य मानली, तरी येथे ‘भूगर्भ’ हा शब्द नेमका बसत नाही. ‘गाभा’ हा शब्दही ‘गर्भ’पासूनच आलेला आहे (‘गाभण’ आणि ‘गाभारा’ ही त्याचीच भावंडे), परंतु वापरात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जमिनीखाली जे जे आहे, ते सगळे भूगर्भात मोडते. भूगर्भातील पाणी काही मीटरांवरही लागते, आणि रशियातील कोला येथे खणलेले सुप्रसिद्ध विवर सुमारे १२ किलोमीटरांवर थांबले, म्हणजे त्याला भूकवचही ओलांडता आले नाही. गाभा सुरू होतो तो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर. त्यामुळे धातूंच्या त्या गोलासाठी ‘गाभा’ हाच शब्द राखून ठेवावा, असे मला वाटते.

केळीच्या खोडाचा गाभा मऊ असतो, म्हणून पृथ्वीचाही तसाच असेल असा समज होऊ शकतो, आणि तो निम्माच खरा आहे. दुय्यम भूकंपलहरी द्रवातून जात नाहीत आणि त्या बाह्य गाभ्यात शिरत नाहीत, यावरून तो द्रवरूप असल्याचे कळले. त्याच्या आत आणखी एक वेगळा गोल आहे, हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये दाखवले; तो घन असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तो अधिक तप्त असूनही प्रचंड दाबामुळे घन राहतो. त्याला ‘अंतर्गाभा’ म्हणावे, ‘आंतरगाभा’ नव्हे, कारण ‘आंतर’ने ‘दोहोंमधला’ असा अर्थ सूचित होतो.

‘प्रावरण’ म्हणजे पांघरायचे वस्त्र, आणि गाभ्याभोवतीच्या थराला ते नाव शोभते. मात्र ‘प्रावरण म्हणजे शिलारस (वितळलेला खडक)’ हे समीकरण चुकीचे आहे, कारण दुय्यम लहरी त्यातून सहज जातात. प्रावरण मुख्यतः घन खडकाचे असून अतिशय मंद गतीने वाहते, आणि शिलारस त्यात काही ठिकाणीच तयार होतो.

राहिला गाभ्यासाठी वापरला जाणारा ‘निफे’ हा शब्द. निकेल आणि फेरम (लोहाचे लॅटिन नाव) यांच्या आद्याक्षरांचा हा शब्द सुटसुटीत आहे खरा, पण गाभ्याची घनता या दोन धातूंच्या शुद्ध मिश्रणापेक्षा कमी भरते, म्हणजे तेथे काही हलकी मूलद्रव्येही असली पाहिजेत, आणि त्यांना या नावात जागा नाही.