एआय शोधासाठी चित्रे: ऑल्ट मजकूर भरला, तरी चित्र दिसत नाही

प्रश्न:
सायकल दुरुस्तीविषयीच्या माझ्या संकेतस्थळावर सुमारे ४०० छायाचित्रे आहेत. एआयवर चालणारी शोधयंत्रे उत्तरात माझा मजकूर घेतात, छायाचित्र मात्र दुसऱ्याच संकेतस्थळाचे दाखवतात. सर्व चित्रे मी वेबपी स्वरूपात आणली आणि प्रत्येकाच्या ऑल्ट मजकुरात (चित्राऐवजी वाचता येणाऱ्या वर्णनात) ‘सायकल, सायकल दुरुस्ती, सायकल चेन’ असे शब्दही भरले. आणखी काय करावे?

उत्तर १:
वेबपीमुळे फाइल हलकी होते, पण चित्रात काय आहे हे त्यावरून कोणालाच कळत नाही. ऑल्टमधील शब्दांची ती माळ आधी काढून टाका आणि चित्र न दिसणाऱ्या माणसाला फोनवरून सांगावे तसे लिहा: ‘चेन टूलचा दांडा फिरवून कडीतील पिन बाहेर ढकलणारा हात’. चित्र आणि वाक्य यांचा अर्थ एकमेकांशी ताडून पाहणारी ‘क्लिप’सारखी मॉडेल २०२१ पासून उपलब्ध आहेत, तेव्हा चित्रात पाना आणि ऑल्टमध्ये पंप असेल, तर ती विसंगती यंत्राच्याही लक्षात येऊ शकते. शिवाय चित्र ज्या कृतीचे आहे, त्याच परिच्छेदालगत ठेवा. पानाच्या तळाशी गॅलरीत कोंबलेल्या चित्राला संदर्भच उरत नाही.

उत्तर २:
मला शंका वेगळीच येते. पानाचा सोर्स कोड उघडून चित्राचा पत्ता ‘एसआरसी’ (src) या नेहमीच्या जागी आहे की ‘डेटा-एसआरसी’मध्ये (data-src), ते पाहा. दुसऱ्या प्रकारात जावास्क्रिप्ट चालल्यावरच चित्र येते; गूगल ती चालवते, पण एआय कंपन्यांचे अनेक क्रॉलर (संकेतस्थळे वाचत फिरणारे प्रोग्राम) चालवत नाहीत. ब्राउझरचे स्वतःचे लेझी लोडिंग (वाचक चित्राजवळ पोचल्यावरच ते उतरवणे) वापरावे, मात्र पान उघडताच दिसणाऱ्या मुख्य चित्राला ते लावू नये. क्रॉलरनी कुठे जाऊ नये हे सांगणारी रोबोट्स फाइलही एकदा तपासा.

प्रश्नकर्ता:
आपली शंका खरी ठरली. पहिले चित्र वगळता सर्व पत्ते ‘डेटा-एसआरसी’मध्ये होते, आणि रोबोट्स फाइलीत चित्रांचे संपूर्ण फोल्डरच बंद होते, ती ओळ कधीकाळी मीच लिहिली होती. दोन्ही दुरुस्त केले असून ऑल्ट मजकूर नव्याने लिहीत आहे. दोन परिच्छेदांमधील नक्षीच्या चित्रांनाही वर्णन द्यावे का?

उत्तर १:
नाही. त्यांचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण चित्राच्या टॅगमधून (कोडमधील त्याच्या नोंदीतून) काढू नका; तो मुळीच नसेल, तर काही स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम) फाइलीचे नावच वाचून दाखवतात.