मदत हवी आहे: विमान संग्रहालयाची बाग नव्यानं करायची आहे, कोणती झाडं लावू? (कोल्हापूर)

उजळाईकर:
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. उजळाईवाडीजवळ एका शिक्षणसंस्थेच्या आवारात छोटं विमान संग्रहालय आहे. बाहेर एक विमान उभं आहे, आत मॉडेल्स, कापून दाखवलेलं इंजिन आणि जुने फोटो. तिथली बाग पार वाळून गेली आहे. ती नव्यानं करून द्यायचं काम आमच्या ग्रुपनं आपणहून अंगावर घेतलंय. संस्थेची हरकत नाही. पैसे थोडे आहेत, पण राबायला माणसं भरपूर आहेत. १५ ऑगस्टला शाळांची पोरं येतात, त्याआधी सगळं हिरवंगार दिसायला हवं.
मला फक्त झाडांची यादी हवी आहे. सावली देणारी, लवकर वाढणारी, कमी पाण्यावर जगणारी. विमानाच्या दोन्ही बाजूंना रांगेत लावणार आहे. पोरं उन्हात उभी राहून विमान बघतात, ते मला बघवत नाही. रविवारी रोपं आणायची आहेत, कृपया लवकर सांगा.

रंकाळा_फेरी:
गुलमोहर लावा की. तीन-चार वर्षांत छत्री होते. मे महिन्यात लालभडक फुललेल्या झाडाखाली विमान, लै भारी दिसंल. फोटो काढायला गर्दी हुईल बघा.

कळंबा_निसर्ग:
गुलमोहर अजिबात नको. परवाच्या वळवात आमच्या कॉलनीत दोन गुलमोहर आडवे झाले, एक गाडीवर पडला. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. विमानावर फांदी पडली तर कोण भरून देणार? देशी झाडं लावा.
ताई, यादी देतो, पण आधी एवढं सांगा: माती कसली आहे? पाणी कुठलं? मोकळी जागा विमानाच्या कुठल्या दिशेला आहे? हे कळल्याशिवाय यादी देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

कागल_रोपवाटिका:
मॅडम, आमच्याकडं आठ फुटी तयार टॅबेबुया आहेत. गुलाबी आणि पिवळा, दोन्ही मिळतील. सोबत मेक्सिकन लॉनचे तुकडे आणून अंथरून देऊ. आठवड्यात बाग तयार, १५ ऑगस्टची काळजीच नको. मोठ्या ऑर्डरला गाडीभाडं घेत नाही.

कळंबा_निसर्ग:
टॅबेबुया बाहेरचं झाड. फुलं दहा दिवस, बाकी वर्षभर त्यावर ना पाखरू ना फुलपाखरू. आणि मुरमाड माळावर मेक्सिकन लॉन? उन्हाळ्यात त्याला रोज पाणी कोण घालणार? ऑगस्टला हिरवं आणि मार्चला पिवळं, असली बाग करून काय उपयोग?

उजळाईकर:
माती मुरमाडच आहे, कुदळ मारली की ठिणगी उडते. बोअर आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं. सध्या आहे ते लॉनच आहे, वाळलेलं. आधीच्या ठेकेदारानं ते लावलं, सोबत कोनोकार्पस या परदेशी झाडांची रांग लावली आणि परत फिरकलाच नाही. दिशेचं म्हणाल तर विमानाच्या चारी बाजूंना मोकळंच आहे. आता यादी द्या.

हवाईदल_निवृत्त:
ताई, मी हवाई दलात एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर, काम केलंय, म्हणून मधे बोलतो. विमान कुठलं आहे ते तुम्ही सांगितलंच नाही. ते चबुतऱ्यावर आहे की स्वतःच्या चाकांवर? चाकांखाली काय आहे? इनटेकला (हवा आत घेणारं तोंड) आणि जेटपाईपला (इंजिनाची मागची नळी) झाकण आहे का? लॉनला पाणी कशानं द्यायचे, स्प्रिंकलरनं की पाईपनं?
झाडांची यादी नंतर करा. विमानाच्या दोन्ही बाजूंना रांगेत झाडं लावायचा बेत आधी रद्द करा.

उजळाईकर:
रद्द का? सावलीसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.
विमान किरण आहे. चाकांवर उभं आहे, चाकं मातीत थोडी रुतली आहेत. झाकणं दिसली नाहीत, साळुंक्या आत जातात बहुतेक. स्प्रिंकलर होते, त्यांची डोकी अजून तिथंच आहेत.

हवाईदल_निवृत्त:
किरण म्हणजे एचजेटी-१६. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, १९६४ साली पहिल्यांदा उडालेलं. आमच्या कित्येक वैमानिकांचं पहिलं जेट हेच. हवाई दलाचं सूर्यकिरण पथक १९९६ पासून कसरती करायचं ते याच विमानांवर. पोरांना हे जरूर सांगा.
आता कारण ऐका. पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. लोखंडासारखा तांबडा गंज दिसत नाही, रिव्हेटभोवती आणि पत्र्याच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि आतून पत्रा पोखरतो. पोटाखाली पाणी निचरायला बारीक भोकं असतात. झाडाचा पाला पॅनेलच्या फटीत शिरून कुजला की ती भोकं बुजतात आणि पाणी आतच साचतं. फांद्या डोक्यावर आल्या की पाखरं बसणार, त्यांची विष्ठा रंग खाते. स्प्रिंकलरनं बोअरचं क्षाराचं पाणी रोज पंखांवर उडत असेल, तर नुकसान आधीच सुरू झालंय. मोठ्या झाडाची पूर्ण वाढ झाल्यावर जेवढा घेर होईल, त्याच्याही बाहेर विमान राहिलं पाहिजे. रोपाकडं बघून अंतर ठरवू नका.

रंकाळा_फेरी:
मग आर्मीच्या छावणीसारखं करा की. विमानाभोवती गोल दगड मांडायचे आणि गेरू-चुना मारायचा. खर्च कमी, शिस्तीत दिसतंय.

हवाईदल_निवृत्त:
चुना विमानाजवळ नको. ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही, पावसात चुन्याचं पाणी उडालं की पत्र्यावर डाग पडून खड्डे होतात. गेटपाशी खुशाल मारा. खतांचंही तेच, युरिया फेकताना दाणे विमानावर जाता कामा नयेत.

ऊस_आणि_द्राक्ष:
गवतावर बुरशी आली तर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारा, बाकी काही लागत नाही. आमच्या पाहुण्यांच्या बागेत वर्षानुवर्षं तेच चालतं. आणि खत म्हणून साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणा, ट्रॉलीभर स्वस्तात मिळते.

हवाईदल_निवृत्त:
बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की गंज झपाट्यानं वाढतो, हे तर सगळ्यात वाईट. विमान असलेल्या आवारात बोर्डोचा पंप नेऊच नका.

ऊस_आणि_द्राक्ष:
बरं, बोर्डो राहू दे, हे मला माहीत नव्हतं. पण प्रेसमड चांगलीच. फक्त ताजी घालू नका, तापते आणि रोप जाळते. कुजलेली आणा. वर पाचटाचं आच्छादन करा, पाणी निम्म्यावर येतं.

कळंबा_निसर्ग:
पाचट झाडांच्या आळ्यात ठीक. विमानाभोवती नको. वाळलेलं पाचट आणि कुणीतरी टाकलेली विडी, एवढंच पुरतं.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली:
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपला विमानतळ १९३९ चा आहे. संस्थानच्या काळात छत्रपती राजाराम महाराजांनी बांधला. तेव्हा देशात कितीशा गावांना विमानतळ होता? संग्रहालयाच्या दारात ही माहिती मोठ्या अक्षरात हवी. बाग कुणीही करेल, इतिहास सांगायला पाहिजे.

एनडीए_मार्गदर्शन:
ज्या पालकांना मुलांना हवाई दलात पाठवायचं आहे त्यांनी लक्षात घ्या: एनडीएतून हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही विषय लागतात. दहावीनंतरच नीट ठरवा. ऐनवेळी विषय बदलून उपयोग होत नाही.

उजळाईकर:
दादा, माहिती चांगली आहे, पण माझा प्रश्न बागेचा आहे. कुणीतरी सावलीचं सांगा. विमानाजवळ झाड नको, हे पटलं. मग पोरं उभी कुठं करू?

कळंबा_निसर्ग:
पश्चिमेला झाडं लावा. दुपारचं ऊन तिकडून येतं. विमानापासून चाळीस फुटांवर करंज आणि बहावा.

हवाईदल_निवृत्त:
पश्चिमेला नको. पावसाळाभर वारं पश्चिमेकडून येतं. सगळा पाला विमानावरच.

कळंबा_निसर्ग:
पावसाळ्यात पाला गळतो कुठं? बहाव्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाला असते. तुमच्या हिशेबानं कोल्हापुरात झाडच लावता येणार नाही.

हवाईदल_निवृत्त:
उन्हाळ्यातही दुपारनंतर वारं पश्चिमेचंच असतं, आणि वळवाच्या वाऱ्यात ओल्या डहाळ्या मोडून येतात. झाडांना माझा विरोध नाही. पण झाड परत लावता येतं, किरण आता कुठून आणणार?

आराखडा_राजारामपुरी:
दोघांनी जरा थांबा. ताई, संग्रहालय किती ते किती उघडं असतं? सावली कुठल्या वेळेला हवी, ते कुणी विचारलंच नाही.

उजळाईकर:
सकाळी नऊ ते दुपारी एक. शाळा सकाळीच येतात. बस पूर्वेच्या बाजूला थांबते.

आराखडा_राजारामपुरी:
मग प्रश्नच मिटला. ऊन पूर्वेचं आहे, माणसं पूर्वेकडून येतात, झाडं पूर्वेलाच लावा, बसथांब्याच्या कडेनं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाला विमानापासून लांब उडेल. थंडीत वारं पूर्वेकडून येतं, म्हणून चाळीस फुटांचं अंतर तिथंही ठेवा. पण झाडाची सावली पडायला वर्षं लागतील, यंदाच्या पोरांना ती मिळणार नाही. त्यांच्यासाठी झाडांच्या अलीकडे बांबूचा मांडव घाला आणि त्यावर मधुमालती किंवा रानजाई चढवा. वेल भरेपर्यंत वर शेडनेट. विमानाचं नाक तिथून नीट दिसेल असा कोन साधा.
विमानाभोवती दहा फूट रुंद खडीचा पट्टा करा. खाली जाड कापड अंथरा, म्हणजे गवत येणार नाही आणि पावसाचा चिखल पोटावर उडणार नाही.

हवाईदल_निवृत्त:
पट्टा पाहिजेच. पण खडी घातली तर कडेचं गवत ब्रशकटरनं कापायचं नाही. त्याच्या दोरीनं खडा उडतो आणि कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला लागतो. ती ॲक्रिलिकची असते, चरा पडला की पडला. खडी आणि गवताच्या मधे फरशीची एक ओळ ठेवा आणि तिथलं गवत विळ्यानं काढा. तुमच्याकडं माणसं भरपूर आहेत म्हणालात ना?

पंचगंगाकाठ:
एक कुणीच बोललं नाही. तुम्ही विमानतळाला लागून आहात. झाडाच्या उंचीवर मर्यादा असू शकते, लेखी विचारून घ्या. आणि वड, उंबर, जांभूळ असलं फळांचं काही लावू नका, पाखरं वाढतात. धावपट्टीजवळ पाखरू म्हणजे उडत्या विमानाला धोका. म्हणूनच विमान नियम, १९३७ प्रमाणे विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिसरात पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला आणि जनावरं कापायला मनाई आहे. सहलीचे डबे खाऊन झाल्यावर खरकटं कुठं जातं, तेही बघा. झाकणाची पेटी ठेवा.
कोनोकार्पस तोडायचा विचार असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. महापालिका हद्दीत वृक्षतोडीचा १९७५ चा कायदा आहे, हद्दीबाहेर नियम वेगळे. आपल्याच जागेतलं झाड म्हणून परवानगी लागत नाही, असं समजू नका.

कळंबा_निसर्ग:
हे बरोबर, पण करंज-बहावा यादीत ठेवा. दोन्हीच्या शेंगा असतात, रसाळ फळ नाही. मधे कांचन आणि आपटा. तामण आपल्या राज्याचं फूल म्हणून लावावंसं वाटेल, पण त्याला पाणी लागतं, मुरमात रखडतं. बोअरजवळ ओल असेल तिथं एखादं लावा. झुडपांत धायटी, अडुळसा, निर्गुडी. अडुळसा-निर्गुडीला जनावर सहसा तोंड लावत नाही, कुंपणाचा खर्च वाचतो. लॉनच्या जागी गावठी हरळी, पावसात दीड-दोन महिन्यांत पसरते.
पण रविवारी रोपं आणू नका. आत्ता फक्त खड्डे घ्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, मुरूम फोडून. महिनाभर उन्हात तापू देत. मग पोयटा, कुजलेलं शेणखत किंवा प्रेसमड आणि निंबोळी पेंड घालून भरा. मृगाचा पाऊस चांगला होऊन जमीन भिजली की लावणी. आत्ता मेच्या उन्हात लावलेलं रोप टँकरच्या पाण्यावर किती दिवस काढणार?

कागल_रोपवाटिका:
आपटा, कांचन, बहावा तिन्ही आहेत माझ्याकडं. तीन-चार फुटी देतो. जूनअखेरीला घ्या, तोवर राखून ठेवतो. देशी झाड विकत नाही असं नाही साहेब, लोक मागत नाहीत.

आराखडा_राजारामपुरी:
आणि १५ ऑगस्टलाच उद्घाटन कशाला? ८ ऑक्टोबर हवाई दल दिन. तोवर पाऊस सरलेला असतो, हरळी धरलेली असते, वेल मांडवावर चढलेला असतो. विमान संग्रहालयाला तोच दिवस शोभतो.

उजळाईकर:
८ ऑक्टोबर हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. संस्थेशी आजच बोलले, त्यांना आवडलं. १५ ऑगस्टला पोरांच्या हातून उरलेली झुडपं लावून घेऊ. विमानतळाच्या कार्यालयाला पत्र लिहिलंय, ग्रामपंचायतीलाही. स्प्रिंकलरची डोकी काढून टाकतोय, झाडांना ठिबक करू. रविवारी खड्डे आणि खडीच्या पट्ट्याची आखणी.
एक राहिलं. चाकं मातीत रुतली आहेत. आमची पोरं म्हणतायत, दोन ट्रकचे जॅक लावून उचलू आणि खाली काँक्रीटच्या लाद्या सरकवू. चालेल ना?

हवाईदल_निवृत्त:
नाही, नाही. जॅक कुठं लावायचा ते विमानावर ठरलेलं असतं. भलत्या ठिकाणी लावलात तर पत्रा फाटेल, किंवा विमान घसरून कुणाच्या अंगावर येईल. चाकांभोवतीची मातीसुद्धा अजून खणू नका. रविवारी मी स्वतः येतो, बरोबर माझा एक जुना सहकारीही असेल. इनटेक आणि जेटपाईपच्या तोंडाचं माप घेऊन जाळीही ठरवू. आत पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत जाळी बसवायची नाही.

उजळाईकर:
या काका, आठ वाजता गेटवर थांबते. चाकांना कुणी हात लावणार नाही, पोरांना आत्ताच सांगते.

कळंबा_निसर्ग:
मीही येतो. दोन टिकाव आणि एक पहार आणतो, तुमच्या कुदळींनी तो मुरूम फुटायचा नाही.